खो-खोचा पडद्यावरचा हंगाम

पुण्यानजीक बालेवाडी येथील श्री शिवछत्रपति क्रीडासंकुलांत ४ सप्टेंबर २०२२ रोजीं एक सामना अगदीं शेवटच्या क्षणीं फिरला. ओडिशा जगरनॉट्स आणि तेलुगू योद्धाज असे दोन संघ समोरासमोर होते. डाव संपावयास कांहीं सेकंदच उरले होते आणि ओडिशाचा संघ पिछाडीवर होता. इतक्यांत सूरज लांडे या ओडिशाच्या गड्यानें हवेंत सूर मारून समोरचा पळणारा टिपला. त्या एका झेपेनें तीन गुण पदरांत पडले, आणि ४६ विरुद्ध ४५ अशा अवघ्या एका गुणाच्या फरकानें ओडिशाच्या संघानें अजिंक्यपद पटकावलें. हा खेळ कोणता, असें एखाद्या परप्रांतीयानें विचारल्यास त्याचें नवल वाटावयास नको. परंतु महाराष्ट्रांत वाढलेल्या कोणाहि स्त्रीपुरुषास तो सांगावा लागणार नाहीं. तो आपला खो-खो.

अल्टिमेट खो-खो या नांवाच्या स्पर्धेचा तो पहिला हंगाम होता. १४ ऑगस्ट २०२२ रोजीं त्यास आरंभ झाला आणि बावीस दिवसांत तो आटोपला. मुंबई खिलाडीज, गुजरात जायंट्स, चेन्नई क्विक गन्स, राजस्थान वॉरियर्स आणि वर सांगितलेले दोन असे सहा संघ त्यांत उतरले होते. बहुतेक संघांच्या पाठीशीं मोठमोठे उद्योगपति उभे होते. ओडिशाच्या संघाच्या पाठीशीं तर खुद्द तेथील राज्यसरकारच होतें. सामने सोनीच्या वाहिन्यांवरून घरोघर दाखविण्यांत आले, आणि विजेत्या संघास एक कोटी रुपयांचें पारितोषिक मिळालें. ज्या खेळास आजवर चेंडू लागला नाहीं, फळी लागली नाहीं, जाळें लागलें नाहीं, ज्याचें सगळें भांडवल म्हणजे दोन खांब आणि मूठभर फक्की, त्याच्या पुढ्यांत एक कोटीची थैली यावी, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. सामना कोणी जिंकला हा प्रश्न आतां शिळा झाला. परंतु कॅमेरा आणि पैसा एखाद्या गरीब खेळाच्या दारीं येतात तेव्हां ते काय देतात, काय नेतात, आणि आपल्या घरांतील मुलामुलींचा त्याच्याशीं काय संबंध पोंचतो, हा प्रश्न शिळा होणारा नाहीं. त्याचाच विचार या महिन्यांत करावयाचें योजिलें आहे.

प्रथम खेळाची जुनी हकीकत थोडक्यांत पाहूं. पळापळीचा आणि शिवाशिवीचा खेळ मुलें सर्व जगांत खेळतात. परंतु त्या पळापळीस मोजमाप आणि नियम यांची चौकट देण्याचें काम महाराष्ट्रानें केलें. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ च्या सुमारास खो-खोचे नियम बसविले, असें या खेळाच्या इतिहासांत नमूद आहे. त्याच १९१४ सालीं अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना झाली. याच मंडळाच्या पथकानें पुढें १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगीं जर्मनीस जाऊन देशी खेळांचीं आणि व्यायामप्रकारांचीं प्रात्यक्षिकें परकीयांस करून दाखविलीं. अखिल भारतीय पातळीवरील अजिंक्यपदाची स्पर्धा १९५९-६० मध्यें विजयवाडा येथें भरली, आणि लौकरच स्त्रियांच्याहि अशाच स्पर्धा सुरू झाल्या. म्हणजे ज्यास आपण पोरखेळ म्हणतों त्यास शंभरांहून अधिक वर्षांची शिस्त आहे.

या शिस्तीचें मर्म ठाऊक असल्याखेरीज पुढील विवेचन समजणार नाहीं. सत्तावीस मीटर लांब आणि सोळा मीटर रुंद अशा मैदानाच्या मधोमध एक अरुंद पाटी असते. तिच्या दोन्ही टोकांस एकेक खांब असतो. पाटीवरील आठ चौकोनांत आठ गडी एकाआड एक उलटसुलट तोंडें करून बसतात आणि नववा पाठलागास निघतो. पळणारे तिघे-तिघे तुकडीनें मैदानांत येतात. पळणाऱ्यास सर्व मैदान मोकळें आहे. तो बसलेल्या गड्यांच्या मधून वाटेल तेव्हां पलीकडे जाऊं शकतो. पाठलाग करणारास मात्र मधली पाटी ओलांडण्याची मुभा नाहीं. एकदां ज्या दिशेनें निघाला त्या दिशेकडून खांब ओलांडल्यावांचून त्यास मागें फिरतां येत नाहीं. मग त्यानें करावें काय? त्यानें बसलेल्या सोबत्याच्या पाठीवर हात ठेवून ‘खो’ म्हणावें आणि स्वतः त्याच्या जागीं बसावें. बाकीचें काम त्या सोबत्यानें करावयाचें.

सर्व खेळाचें रहस्य या एका गोष्टींत आहे. दहा पावलांवर सावज असतां, आणि आणखी चार पावलें धांवलों तर तें आपल्याच हातीं लागेल असा मोह होत असतां, तो मोह आवरून पाठलाग दुसऱ्याच्या हवालीं करावयाचा. जो गडी मोहास बळी पडतो तो सावजहि घालवितो आणि डावहि. व्यवहारांत आपण ‘कामास खो घातला’ असें म्हणतों तेव्हां काम मोडल्याचा अर्थ अभिप्रेत असतो. खेळांत मात्र खो दिल्यानेंच काम पुढें जातें. भाषेनें या शब्दावर थोडासा अन्याय केला आहे खरा. पण पुढें दिसेल कीं, मुलींच्या खेळाच्या बाबतींत आपल्या घरांनीं भाषेचाच अर्थ खरा करून दाखविला आहे.

आतां पडद्यासाठीं या खेळांत काय फेरफार झाले तें पाहूं. पूर्वीं नऊ मिनिटांची एक पाळी, अशा चार पाळ्या. नव्या स्पर्धेंत प्रत्येक पाळी सात मिनिटांची झाली. म्हणजे छत्तीस मिनिटांचा खेळ अठ्ठावीस मिनिटांवर आला. मातीच्या जागीं मॅट आली. पूर्वीं गडी बाद केल्यास एक गुण मिळे. आतां नुसत्या स्पर्शास दोन आणि सूर मारून टिपल्यास तीन गुण मिळूं लागले. ‘वजीर’ या बुद्धिबळांतील नांवाचा एक गडी नेमण्यांत आला. त्यास दिशेचें बंधन नाहीं, तो वाटेल तेव्हां मागें फिरूं शकतो. ‘पॉवरप्ले’च्या काळांत असे दोन वजीर मैदानांत उतरतात. जुन्या मताच्या खेळाडूंस हे बदल रुचले नाहींत, आणि त्यांच्या म्हणण्यांत तथ्य मुळींच नाहीं असें नाहीं. दिशेचें बंधन हाच ज्या खेळाचा प्राण, त्यांत बंधनमुक्त गडी आणणें म्हणजे प्राणालाच धक्का लावणें, असें कोणी म्हटल्यास त्यास एकदम उत्तर देतां येणार नाहीं. तीन गुणांचें आमिष दाखविलें म्हणजे तरुण गडी वेळीं-अवेळीं अंग झोंकून देणार, आणि कोपर-गुडघ्यांची किंमत देणार, ही भीतिहि निराधार नाहीं.

परंतु दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. १९१४ सालचे नियम तरी वेदांतून आले नव्हते. तेहि माणसांनींच बसविले आणि पुढें पुष्कळदां बदलले. जो खेळ पाहावयास प्रेक्षक नाहीं, त्याच्या खेळाडूस पोट भरण्यासाठीं दुसरी वाट धरावी लागते. रेल्वेचा किंवा विमानतळ प्राधिकरणाचा संघ घेईल तर नोकरी. महाराष्ट्रांत सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठीं पांच टक्के जागा राखून ठेवलेल्या आहेत, त्यांपैकीं एखादी मिळेल तर भाग्य. नाहीं तर पंचविशींत खेळ संपला. ज्यांनीं लहानशा गांवच्या मंडळांत, विजेच्या एका दिव्याखालीं, रात्रीं नऊनंतर सराव केला, अशा कित्येक तरुणांस त्या हंगामानें आयुष्यांत प्रथमच खेळाबद्दल मोबदला दिला. आपल्या मुलाचें नांव पडद्यावर आणि पाठीवर लिहिलेलें पाहून एखाद्या शेतकरी मातेस काय वाटलें असेल, याचा हिशेब नियमांच्या पुस्तकांत करतां येत नाहीं. तेव्हां पैसा आला म्हणून खेळ बाटला, असें घरांत बसून म्हणण्याचा अधिकार निदान ज्यांचीं पोटें भरलेलीं आहेत त्यांनीं बजावूं नये, असें आम्हांस वाटतें.

असल्या हंगामांची हौस कांहीं आपल्याच देशास लागलेली नाहीं. जपानांत १९९७ सालीं ‘सासुके’ नांवाचा अडथळ्यांच्या शर्यतीचा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर सुरू झाला आणि त्याच्या धर्तीवर पुष्कळ देशांत कार्यक्रम निघाले. ऑस्ट्रेलियांत जुलै २०१७ मध्यें ‘ऑस्ट्रेलियन निन्जा वॉरियर’ या नांवानें त्याचा पहिला हंगाम झाला. सिडनी बंदराच्या पाण्यांत कॉकाटू नांवाचें एक बेट आहे. एके काळीं तेथें काळ्या पाण्याच्या शिक्षेवर आणलेल्या कैद्यांचा तुरुंग होता, पुढें जहाजांचा कारखाना झाला. त्याच बेटावर हा अडथळ्यांचा मार्ग उभारला होता. दोरास लोंबकळावयाचें, भिंत चढावयाची, हाताच्या बोटांवर शरीराचा भार तोलावयाचा, आणि चुकल्यास खालीं पाण्यांत पडावयाचें. त्या पहिल्या हंगामांत शेवटचा मार्ग कोणासहि पुरा करतां आला नाहीं. जो सर्वांत लांब पोंचला तो श्रेष्ठ ठरला. आणि तरीहि लाखों कुटुंबांनीं तो हंगाम डोळे लावून पाहिला.

त्या कार्यक्रमाच्या दोन गोष्टी आम्हांस या ठिकाणीं महत्त्वाच्या वाटतात. एक ही कीं, तेथें प्रत्येक जण एकटा धांवतो. त्याचा प्रतिस्पर्धी लांकूड आणि लोखंड. त्याचा सोबती कोणीच नाहीं. दमला तर पाठीवर हात ठेवून आपलें काम पुढें नेईल असा गडी त्यास लाभत नाहीं. या बाबतींत आपला खेळ अधिक सामाजिक, आणि मुलांच्या संगोपनाच्या दृष्टीनें अधिक मोलाचा आहे, असें निःशंकपणें म्हणतां येईल. दुसरी गोष्ट मात्र आपणांस खालीं मान घालावयास लावणारी आहे. त्या मार्गावर पुरुष उतरले तशा स्त्रियाहि उतरल्या. दोघांस मार्ग एकच होता. आपल्या अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम केवळ पुरुषांचा झाला. २०२३ च्या डिसेंबरांत ओडिशांतील कटक येथें दुसरा हंगाम सुरू झाला आणि जानेवारी २०२४ मध्यें गुजरात जायंट्सनीं तो जिंकला. तोहि केवळ पुरुषांचाच होता.

ही उणीव डोळ्यांवर यावी तितकी आमच्याहि डोळ्यांवर आली नव्हती. ती दाखवून दिली तलासरी तालुक्यांतील एका बारा वर्षांच्या मुलीनें. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यांतून वेगळा निघाला. त्याच्या उत्तर टोकास, गुजरात आणि दादरा-नगरहवेली यांच्या सीमेजवळ, उधवा म्हणून गांव आहे. आजूबाजूची बहुतेक वस्ती वारली, कोकणा, धोडिया अशा आदिवासी लोकांची. वारल्यांचीं चित्रें आतां आपल्या दिवाणखान्यांत आणि साडीच्या पदरावर येऊन बसलीं आहेत. तीं चित्रें जगभर नेणारे पद्मश्री जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म तलासरी तालुक्यांतलाच. त्या चित्रांतील माणसें दोन त्रिकोण टोंकाला टोंक लावून काढलेलीं असतात. त्यांचे हातपाय काडीसारखे, पण तीं कधीं स्वस्थ उभीं नसतात. नाचतात, धांवतात, ओझीं वाहतात. उधव्याच्या बाजूस एका शाळेच्या अंगणांत आम्हीं मुलींचा खो-खो पाहिला तेव्हां तीं चित्रें कोठून आलीं असावींत याचा उलगडा झाला. अंगणाची जमीन टणक, मुरमाड. खांब म्हणून दोन सागाचीं लांकडें पुरलेलीं. रेघा राखेनें आंखलेल्या. बहुतेक मुली अनवाणी. पण बसलेल्या मुलीच्या पाठीवर थाप पडण्याचा अवकाश, कीं ती धनुष्यावरून सुटलेल्या बाणासारखी निघे.

खेळ संपल्यावर आम्हीं त्यांपैकीं एकीस विचारलें कीं, हा खेळ टीव्हीवर दाखवितात तो पाहिलास का? ती म्हणाली, “सरांच्या मोबाइलवर पायलाय.” आणि क्षणभर थांबून तिनेंच विचारलें, “त्याच्यात पोरी का नाय?”

या प्रश्नास उत्तर द्यावयाचें तर पुष्कळ लांबवर जावें लागेल. पुरुषांच्या संघांवर भांडवल लावणारे पुढें आले, स्त्रियांच्या संघांवर लावणारे आले नाहींत, हें व्यापारी उत्तर झालें. पण मुली खेळत नाहींत किंवा खेळूं शकत नाहींत, हें तर उत्तर खासच नव्हे. २०१६ सालीं गुवाहाटी येथें दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, त्यांत खो-खोचीं दोन्ही सुवर्णपदकें, पुरुषांचें आणि स्त्रियांचें, भारतानें जिंकलीं. स्त्रियांच्या संघाची नायिका होती धाराशिव जिल्ह्याची, म्हणजे तेव्हांच्या उस्मानाबादची, सारिका काळे. २०२० सालीं तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या वेळीं तिनें जाहीरपणें सांगितलें होतें कीं, जवळजवळ दहा वर्षें आपण दिवसांतून एकदांच जेवून खेळलों. पुढें ती सरकारची क्रीडा अधिकारी झाली. एका वेळच्या जेवणावर खेळून देशाला सुवर्णपदक मिळवून देणाऱ्या मुलीपुढें, दोन्ही वेळां जेवून ‘आमच्या मुलीस खेळ झेपत नाहीं’ म्हणणाऱ्या घरांनीं काय बोलावें?

त्यानंतर जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडागारांत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. तेवीस देशांचे संघ आले होते. त्यांत ऑस्ट्रेलियाचेहि होते. पहिल्याच सामन्यांत भारतीय मुलींनीं दक्षिण कोरियाचा १७५ विरुद्ध १८ असा पराभव केला. परकीय संघ अजून किती नवखे आहेत, हेंहि त्या आंकड्यांवरून दिसतें. तेव्हां विश्वविजयाचा फार गवगवा करण्यांत अर्थ नाहीं. तथापि अंतिम सामन्यांत नेपाळसारख्या चिवट संघास मुलींनीं ७८ विरुद्ध ४० आणि पुरुषांनीं ५४ विरुद्ध ३६ असें नमविलें, हें यश खरेंच. मुलींची नायिका प्रियांका इंगळे आणि पुरुषांचा नायक प्रतीक वाईकर, दोघेहि महाराष्ट्राचे. २०२२ च्या त्या अंतिम सामन्यांत एका गुणानें हरलेल्या तेलुगू संघाचा नायक हाच प्रतीक होता. म्हणजे पडद्यावरचा हंगाम पुरुषांस मिळाला आणि मुलींस मिळाला नाहीं, तरी जागतिक पदक दोघांनींहि सारखेंच आणलें.

उधव्याच्या त्या मुलीस आम्हीं विश्वचषकाची हकीकत सांगितली. तिनें ती लक्षपूर्वक ऐकली, पण फार हुरळून गेली नाहीं. तिच्या शिक्षकांनीं नंतर जें सांगितलें त्यावरून त्याचें कारण कळलें. ते म्हणाले, “ताई, सातवी-आठवीपर्यंत आमच्या मुली कोणालाही हरवतील. पुढे भातकापणी संपली की कित्येक घरं वीटभट्टीवर जातात. घरात धाकटं भावंडं असलं तर त्याला सांभाळायला मोठी मुलगी लागते. संघ बांधावा आणि दिवाळीनंतर पाहावं तर त्यातल्या दोन-तीन नाहीत. नऊ जणींचा खेळ, दोघी गेल्या की मोडतो.” ज्यांची वसतिगृहांत सोय होते त्या मुली टिकतात, आश्रमशाळांच्या स्पर्धांत उतरतात, क्वचित पुढेंहि जातात, बाकीच्यांचा खो भट्टीच्या धुरांत विरून जातो. याच भागांत २०१८ च्या नोव्हेंबरपासून भूकंपाचे धक्के बसूं लागले, आणि डहाणू-तलासरीच्या कित्येक कुटुंबांनीं त्या थंडीच्या रात्री घराबाहेर उघड्यावर काढल्या. जेथें भिंतींचाच भरंवसा नाहीं तेथें मुलांस मोकळें अंगण किती मोलाचें, हें निराळें सांगावयास नको.

आतां वाचकांनीं आपल्या घराकडे वळावें. पुणें, ठाणें, डोंबिवली, नागपूर येथील आपल्या घरांत वीटभट्टी नाहीं. तरीहि शाळांतल्या क्रीडाशिक्षकांस विचारून पाहावें. ते हेंच सांगतील कीं, सातवी-आठवीपर्यंत मुली मैदानावर असतात आणि नववीपासून दिसेनाशा होतात. तेथें भट्टी नेते, येथें क्लास नेतो. तेथें दारिद्र्य नेतें, येथें आपली महत्त्वाकांक्षा. गरिबाचा निरुपाय आपणांस समजूं शकतो. पण जेथें निरुपाय नाहीं तेथें मुलीचा खेळ बंद होतो, त्याचा दोष कोणास द्यावयाचा? ‘दहावीचें वर्ष आहे, आतां पुरे,’ हें वाक्य आपल्या मुलग्यांसहि ऐकावें लागतें. परंतु मुलगा दहावीनंतर पुन्हां मैदानावर जातो, त्यास कोणी अडवीत नाहीं. मुलगी एकदां घरीं बसली म्हणजे बहुधा परत जात नाहीं. तिच्या अंगांत शक्ति उरलेली असते, मनांत हौसहि असते; उरलेली नसते ती वाट. उन्हानें रंग काळवंडेल, गुडघा फुटेल, संध्याकाळीं उशीर होईल, ‘त्या दिवसांत’ कसें करावें, अशीं अनेक कारणें एकामागून एक पुढें येतात. त्यांतलें एकहि मोठें नसतें. पण सर्व मिळून खो घालावयास पुरतात.

यावर असा आक्षेप येईल कीं, सर्वच मुली कांहीं प्रियांका इंगळे होणार नाहींत. मग अभ्यासाचा वेळ कां दवडावा? खरें आहे, फारच थोड्या होतील. परंतु आपण मुलीस गाणें शिकवितों तें ती मोठी गायिका होणार म्हणून शिकवीत नाहीं. संस्कृताचे श्लोक पाठ करून घेतों ते ती पंडिता होणार म्हणून नव्हे. खेळाच्या बाबतींतच मात्र पदकाची हमी मागावी, हा न्याय कोठला? डहाणूजवळच्या कोसबाड टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठीं आयुष्य वेंचलें. १९४५ सालीं बोर्डी येथें सुरू झालेलें त्यांचें ग्राम बाल शिक्षा केंद्र १९५७ सालीं कोसबाडास आलें. लहान मूल खेळांतून जें शिकतें तें पाटीवर शिकवितां येत नाहीं, ही गोष्ट त्या दोघींनीं वारल्यांच्या पाड्यांत अंगणवाडी भरवून सिद्ध केली. तोच नियम चौदा वर्षांच्या मुलीस लागूं होऊं नये असें कोठें लिहिलें आहे? दमल्यावर जागा सोडून सोबतिणीस पुढें धाडणें, आणि आपण बसल्या जागीं तयार राहणें, हा धडा पुढें तिला कचेरींत लागतो, संसारांतहि लागतो. तो कोणत्याहि क्लासांत मिळत नाहीं.

शेवटीं दोन-चार व्यावहारिक सूचना करून हें लेखन आटोपतें घेतों. पडद्यावर असा हंगाम पुन्हां लागेल तेव्हां तो मुलांसह पाहावा, आणि पाहतांना नियम समजावून सांगावे. आजी घरांत असेल तर तिला विचारावें, कारण पुष्कळशा आज्या शाळेंत हा खेळ खेळलेल्या आहेत आणि त्यांना साखळीच्या पळतीचें मर्म आपल्याहून चांगलें ठाऊक आहे. आपल्या पाल्याच्या शाळेस सत्तावीस मीटर लांब आणि सोळा मीटर रुंद एवढी मोकळी जागा आहे कीं नाहीं, हें पालकसभेंत विचारावें. इंग्रजी माध्यमाची मोठी फी घेणाऱ्या कित्येक शाळांस ती नसते, आणि उधव्याच्या बाजूच्या शाळेस ती असते. मुलीस बळकट बूट, गुडघ्यास टोप्या, आणि खेळून आल्यावर पोटभर खावयास द्यावें. महिन्याच्या चार दिवसांचा बाऊ करूं नये. तिला झेपेल तितकें तिनें खेळावें आणि न झेपेल त्या दिवशीं बसावें, हें तिनेंच ठरवावें. नववीस पोंचलेल्या मुलीचा सराव आठवड्यांतून सहा दिवसांवरून तीन दिवसांवर आणावा लागला तर आणावा; परंतु बंद करूं नये. आणि ज्यांस शक्य असेल त्यांनीं वर्षांतून एकदां तरी एखाद्या आश्रमशाळेस बुटांचे नऊ जोड धाडावे. एकच जोड धाडून उपयोग नाहीं. हा नऊ जणींचा खेळ आहे.

स्त्रियांच्या हंगामास भांडवल लावणारे धनिक आज ना उद्यां पुढें येतीलच. त्यांस प्रेक्षक दिसले म्हणजे ते येतात. प्रेक्षक मात्र आपल्या घरांतून तयार व्हावयाचे आहेत, आणि खेळणाऱ्याहि.